लहान मुलांचे 'पारंपरिक' युरोपियन कपडे नक्की आले कुठून?

इंग्लंडच्या राजघराण्यातल्या पोरांचे फोटो आले की आयांच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही चालत नाही. 2015 च्या जुलैमध्ये युवराज विल्यमची लेक शार्लट हिच्या बाप्तिस्म्याला, तिचा दोन वर्षंही पूर्ण न झालेला भाऊ जॉर्ज लाल चड्डी आणि छातीवर भरतकाम केलेला पांढरा शर्ट घालून बापाचं बोट धरून आला आणि लगेच कोणीतरी शोधून काढलं की 1984 साली धाकट्या भावाला बघायला हॉस्पिटलात गेलेल्या छोट्या विल्यमच्या अंगावरही जवळजवळ हेच होतं. मग काय, 'किती पारंपरिक', 'किती क्लासिक'. मला स्वतःला हे कपडे प्रचंड आवडतात, स्मॉकिंगचे म्हणजे बारीक चुण्यांवर टाके घातलेले फ्रॉक, खलाशासारखे सेलर सूट, गोल कॉलर, फुग्याच्या बाह्या, सगळंच, पण ही परंपरा वाटते तेवढी जुनी नाहीये. बराचसा मामला गेल्या पावणेदोनशे वर्षांतला आहे, आणि यातले सगळ्यात गाजलेले दोन कपडे तर मुळात शेतमजुराचे आणि खलाशाचे. कष्टकऱ्यांचे कपडे श्रीमंतांच्या पोरांच्या अंगावर कसे चढले तीच खरी गोष्ट.

त्याआधी काय होतं? तर तान्ह्या बाळाला पट्ट्यांनी घट्ट गुंडाळून ठेवायचे, आपल्याकडे दुपट्यात गुंडाळतात त्याहून कितीतरी घट्ट आणि कितीतरी जास्त महिने, आणि जरा मोठं झालं की सरळ आईबापांच्या कपड्यांची छोटी आवृत्ती. 1693 मध्ये इंग्रज विचारवंत जॉन लॉकनं मुलांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं त्यात या आवळण्यावर टीका केली, 1762 मध्ये फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या विचारवंत रूसोनं 'एमिल' या पुस्तकात तर फारच झोडपलं, आणि हळूहळू खात्यापित्या घरांमध्ये मुलांना सैल, पांढरे मलमलचे फ्रॉक आणि कमरेला रंगीत पट्टा असा वेश आला. ही मलमल बऱ्याचदा बंगालमधून गेलेली असायची, हे तिकडचे लोक सांगायला विसरतात. गंमत म्हणजे हा सैल पांढरा वेश आधी पोरींनी घातला आणि त्यांच्या आयांनी नंतर उचलला.

मुलगेसुद्धा चार ते सात वर्षांचे होईपर्यंत फ्रॉकमध्येच असायचे बरं का. लंगोट बदलायला सोपं, वाढत्या अंगाला पुरतं, बाकी काही नाही. पहिली विजार चढवायची तो दिवस घरात सणासारखा. आपल्याकडेही जावळ काढायच्या आधी मुलाच्या वेण्या घालून, फ्रॉक घालून काढलेले फोटो कितीतरी अल्बममध्ये सापडतील, त्यामुळे याचं आपल्याला फार नवल वाटायला नको.

आता स्मॉकिंग. इंग्लंडच्या खेड्यातले शेतमजूर, मेंढपाळ, गाडीवान कपड्यांवरून एक जाड लिननचा ढगळा झगा घालायचे, अठराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत तो जोरात होता. भरपूर कापड घ्यायचं, त्यावर एकसारख्या अंतरानं धावदोऱ्याच्या रांगा टाकायच्या, दोरे ओढून बारीक चुण्या पाडायच्या, आणि मग त्या चुण्यांच्या फक्त टोकांवर टाके घालून त्यांना एकमेकींना बांधायचं, की झालं काम, आधीचे दोरे काढून टाकले तरी चुण्या जागेवर. तयार मापाच्या साधारण तिप्पट रुंदीचं कापड यात जातं. इलॅस्टिक नव्हतं त्या काळात छाती आणि मनगटापाशी ताणणारं, खांद्यावर जाड पडणारं आणि पाऊस थोडाफार अडवणारं असं कापड हातानं तयार करायची ही युक्ती, नुसती शोभा नव्हे. रोज घालायचा वेगळा आणि रविवारी चर्चला जायचा चांगला वेगळा. पुढे शेतात यंत्रं आली, आणि फिरत्या पट्ट्यांजवळ ढगळ झगा म्हणजे जिवाशी खेळ, शिवाय तयार कपडे स्वस्त झाले, तसा हा झगा मागे पडला.

आणि तो मजुराच्या अंगावरून उतरायला लागला नेमक्या त्याच वेळी शहरातल्या कलाप्रेमी लोकांना त्याचा पुळका आला. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर 1875 मध्ये आर्थर लिबर्टीनं दुकान काढलं होतं, पूर्वेकडचं रेशीम वगैरे विकायचा, 1884 मध्ये त्या दुकानात कपड्यांचा खास विभाग सुरू झाला आणि तिथे स्मॉकिंगवाले सैल फ्रॉक बायकांसाठी आणि मुलींसाठी मिळायला लागले. म्हणजे ज्या घरांनी शेतमजुराला दारातही उभं केलं नसतं त्याच घरांच्या लेकी त्याच्या चुण्या घालून बागेत खेळायला लागल्या. (लिबर्टीचं ते बारीक फुलाफुलांचं सुती कापड, टाना लॉन, ते मात्र 1930 च्या आसपासचं, इथिओपियातल्या टाना सरोवराच्या नावाचं.)

या सगळ्यामागे एका बाईचा हात फार मोठा, मुलांच्या पुस्तकांची चित्रकार केट ग्रीनवे. 1846 चा जन्म, बाप लाकडी ठशांचा कारागीर, आईचं लंडनच्या इझलिंग्टन भागात दुकान होतं त्यात मुलांचे कपडे पण विकायचे. लहानपणी ती नॉटिंगहॅमशरमधल्या रोल्स्टन गावी राहायची, तिथे खेड्यातले लोक अजून जुन्या पद्धतीचे कपडे घालत, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं. मोठी झाल्यावर ती चित्रं काढायची तेव्हा आधी असे जुने फ्रॉक, टोपड्या स्वतः शिवायची, मॉडेल म्हणून आलेल्या पोरांना घालायची आणि मग चित्र. 1879 मध्ये तिचं 'अंडर द विंडो' आलं. छापणारा एडमंड इव्हान्स, यानं पहिल्याच फटक्यात वीस हजार प्रती छापल्या, प्रकाशकाला वाटलं हा वेडा झालाय, आणि दुसऱ्यांदा छापून होईपर्यंत पहिल्या सगळ्या संपल्या होत्या. त्यातल्या पोरांच्या अंगावर उंच कमरेचे फ्रॉक, मोठ्या टोपड्या, म्हणजे छापलं तेव्हाच सत्तर-ऐंशी वर्षं जुनी फॅशन! लोकांनी काय केलं तर पुस्तक वाचायचं सोडून पोरांना तसेच कपडे शिवून घातले, इंग्लंडात घातले आणि फ्रान्समध्येही. लिबर्टीनं पण तिच्या चित्रांवरून मुलांचे कपडे काढले. मला वाटतं इथेच सगळं ठरलं, मुलांचा कपडा म्हणजे आजीच्या काळातला दिसला पाहिजे ही आवड 1880 मध्येच बाजारात आली, आज आपण ऑनलाइन 'व्हिंटेज' म्हणून शोधतो ते तेव्हाच व्हिंटेज होतं.

सेलर सूटची तर तारीखच माहीत आहे. सप्टेंबर 1846, राणी व्हिक्टोरिया सहकुटुंब शाही बोटीवरून चॅनल बेटांकडे निघालेली, आणि चार वर्षांचा युवराज बर्टी डेकवर आला तो खलाशाच्या वेशात, पांढरा ढगळ सदरा, पायाशी रुंद विजार, काळा रुमाल, गवताची हॅट. बोटीवरचे खलाशी खूश, राणी त्याहून खूश. विंटरहाल्टर या चित्रकारानं त्याच वेशातलं पोराचं चित्र काढलं, त्याच्या प्रती छापून घरोघरी गेल्या आणि तो छोटा सूट ग्रीनिचच्या म्युझियममध्ये आजही आहे. लाट खरी उसळली ती 1870 नंतर, मुलींनाही सेलर कॉलरचे ड्रेस, जर्मनीत कील बंदराच्या नावानं विकला जाणारा सूट, रशियाच्या झारचा पोरगा फोटोंमध्ये बहुतेक वेळा त्याच कॉलरमध्ये, पहिल्या महायुद्धानंतर नव्यानं उभ्या राहिलेल्या व्हिएन्नाच्या बॉइज क्वायरनंही तोच घातला, आणि 1920 च्या सुमारास जपानमधल्या मुलींच्या शाळांनी युनिफॉर्म म्हणून उचलला तो बऱ्याच शाळांनी अजून सोडलेला नाही. सैन्य आणि आरमार वाढवायच्या काळात देशोदेशीच्या पोरांना खलाशी करून मिरवणं हा काही निव्वळ गोडपणा नव्हता, हे पण लक्षात ठेवायला हवं.

हा बर्टी म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. मुंबईकरांना तो माहीत आहे, फक्त ओळखत नाहीत. 1875 मध्ये युवराज म्हणून तो मुंबईत आला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससूननं त्याचा घोड्यावरचा पुतळा बसवला तोच आपला काळा घोडा. 1965 मध्ये तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. पोरांना घेऊन बागेत गेलात तर त्या स्वाराकडे एकदा नीट बघा, शाळेच्या गॅदरिंगला आपण पोरांना जो सेलर ड्रेस भाड्यानं आणतो त्याची सुरुवात या गृहस्थापासून.

पुस्तकं आणि खेळणी यांची जोडी मात्र याच्याही आधीची. लंडनमध्ये जॉन न्यूबेरीनं 1744 मध्ये 'अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक' काढलं, नुसतं पुस्तक सहा पेनी, आणि दोन पेनी जास्त दिले की मुलाला चेंडू नाहीतर मुलीला टाचण्या खोचायची उशी. अर्धी लाल, अर्धी काळी. चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी, वाईट वागलं की काळ्या. म्हणजे पुस्तकासोबत खेळणं विकायची आयडिया पावणेतीनशे वर्षं जुनी आहे. मुलांसाठी लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका बीअट्रिक्स पॉटरचंही तसंच, तिच्या गोष्टीतला पीटर ससा आधी 1893 मध्ये एका आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रात आला, प्रकाशक मिळेना म्हणून 1901 च्या डिसेंबरात तिनं स्वखर्चानं 250 प्रती छापल्या, 1902 मध्ये वॉर्न या प्रकाशकानं काढलं आणि 1903 मध्ये बाईनं पीटरच्या बाहुलीचं डिझाइन रजिस्टरही करून टाकलं. पुस्तकाचा आकार छोट्या हातात मावेल एवढाच हवा हा हट्ट तिचाच. तिकडे जर्मनीत मार्गारेट स्टाइफ, दीड वर्षाची असताना पोलिओ झालेली, व्हीलचेअरवर बसून शिवणकाम करणारी, तिनं 1880 च्या आसपास हत्तीच्या आकाराच्या टाचण्यांच्या उशा शिवल्या आणि पोरं त्यांच्याशी खेळायलाच लागली, त्यातून पुढे कारखाना, 1902 मध्ये पुतण्यानं काढलेलं अस्वल आणि 1904 पासून खेळण्याच्या कानातलं ते कंपनीच्या ओळखीचं बटण. हाइनरिश हॉफमानच्या 1845 च्या 'श्ट्रुव्हेलपेटर' या मुलांच्या पुस्तकाबद्दल मी जास्त बोलत नाही, अंगठा चोखणाऱ्या पोराचे अंगठे कात्रीनं कापतात त्यात, जर्मन आजीआजोबांना आवडतं म्हणे, मी माझ्या पोराला झोपताना वाचून दाखवणार नाही.

आणि हे सगळं पांढरंशुभ्र, स्टार्च केलेलं, इस्त्रीचं रूप टिकलं कोणाच्या जिवावर, तर नॅनी आणि धोबिणीच्या. लीड्सच्या विल्यम विल्सननं 1877 मध्ये काढलेल्या कंपनीची ती मोठ्या चाकांची बाबागाडी, तीही ढकलणारी बहुतेकदा पगारीच. महायुद्धांनंतर नोकर महाग झाले, इलॅस्टिक आणि नायलॉन आलं, आणि चुण्यांचा फ्रॉक रोजचा न राहता वाढदिवसाचा आणि फोटोचा झाला. नेमका त्याच सुमारास आपल्याकडे शिवणक्लासमध्ये तो जोरात होता, सत्तर-ऐंशीच्या दशकात हौसेनं हनीकोमचा, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा स्मॉकिंगचा टाका शिकून लेकीला फ्रॉक शिवणाऱ्या आया पुण्या-मुंबईत भरपूर होत्या.

जुनेपणाची हौस कुठवर जाते बघा. व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीसाठी 1841 मध्ये हॉनिटन लेसचा बाप्तिस्म्याचा झगा केला होता, साठाहून जास्त बाळांनी घातला, 2004 नंतर फारच विरला म्हणून हुबेहूब नवा करून घेतला आणि तो जुना दिसावा म्हणून राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या ड्रेसर अँजेला केली यांनी लेस चक्क यॉर्कशायर चहात बुडवून रंगवली.

आता घ्यायचाच असेल कोणाला स्मॉकिंगचा फ्रॉक तर लेबल बघा, फ्रेंच ब्रँडच्या बऱ्याच कपड्यांवरचं हातकाम मादागास्करमधल्या बायका करतात. आणि विकत घेण्याआधी फ्रॉक उलटा करा, आतून एकसारख्या चुण्या आणि हाताचे टाके दिसले तर ते स्मॉकिंग, आणि इलॅस्टिकचा दोरा दिसला तर ते मशीनवर गोळा केलेलं कापड, त्याला स्मॉकिंगचे पैसे देऊ नका.