बिघडता बिघडता राहिलेली वाईन

अल्कोहोल १४.४ टक्के. लिटरमागे सुमारे तीन ग्रॅम साखर न आंबता तशीच राहिलेली. शिरक्याचं आम्ल नको तितकं. असा रिपोर्ट आज एखाद्या वायनरीच्या प्रयोगशाळेतून आला तर वाईनमेकरची झोप उडेल. पण हा रिपोर्ट १९४७ सालच्या शव्हाल ब्लाँचा आहे. विसाव्या शतकातल्या थोर रेड वाईनची कुठलीही यादी काढा, हिचं नाव बहुधा वरच्या दोन-चारांत सापडतं. नोव्हेंबर २०१० मध्ये जिनिव्हातल्या एका लिलावात हिची सहा लिटरची बाटली तीन लाख डॉलरच्या वर गेली. मला मात्र त्या किमतीपेक्षा तो रिपोर्टच जास्त खिळवून ठेवतो.

शव्हाल ब्लाँ म्हणजे पांढरा घोडा. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, बोर्दो शहराच्या पूर्वेला सँतेमिलियाँ नावाचं गाव आहे. त्या गावाच्या हद्दीवर, शेजारच्या पोमरोलच्या बांधाला बांध लावून ही साधारण ३९ हेक्टरची बाग पसरलेली आहे. जमीन एकसारखी नाही, कुठे गोट्यांची तर कुठे चिकणमातीची. वाण मुख्यतः दोन, काबर्ने फ्राँ आणि मेर्लो. डीएनए तपासणीतून पुढे कळलं की मेर्लो हे काबर्ने फ्राँचंच अपत्य आहे. म्हणजे या बाटलीत जन्मदाता आणि लेकरू एकत्र नांदतात.

१९४७ चा उन्हाळा तिथे फार कडक गेला. द्राक्षाच्या बाबतीत ऊन दोन कामं एकदम करतं. नाशिककडचा बागायतदार ज्याला ‘मण्यात पाणी उतरणं’ म्हणतो, त्या टप्प्यापासून मण्यात साखर भरायला लागते आणि आंबटपणा उतरायला लागतो. द्राक्षात मुख्य आम्लं दोन. चिंचेला आंबट करणारं टार्टारिक आम्ल उन्हाला फारसं दाद देत नाही. सफरचंदातलं मॅलिक आम्ल मात्र वेल स्वतःच श्वसनात जाळून टाकते, आणि जितकी उष्णता जास्त तितकी ती ते लवकर जाळते. आपल्याकडे ऑक्टोबरात गोडी छाटणी घेऊन फळ थंडीत पिकवतात, त्याचा एक फायदा हाच की थोडं आम्ल मण्यात शिल्लक राहतं. बोर्दोच्या शेतकऱ्याला ही सोय नाही. तिथे वर्षाला एकच पीक, आणि ते उन्हाळ्यातच वाढणार. सप्टेंबरच्या मध्याला तोडणी सुरू झाली तेव्हा घड साखरेने जड झाले होते आणि आम्लाने हलके.

किती साखर? ढोबळ हिशेब असा आहे की लिटरमागे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. १४.४ टक्क्यांना सुमारे २४५ ग्रॅम साखर लागते. शंभर मिलिलिटरच्या चहाच्या कपात पाच चमचे साखर घालून बघा, म्हणजे त्या रसाच्या गोडीचा अंदाज येईल.

खरी परीक्षा पुढे, तळघरात होती. यीस्ट साखर फोडतं तेव्हा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर उष्णताही बाहेर पडते. खेड्यात वाढलेल्यांनी हे एका वेगळ्या ठिकाणी पाहिलेलं असतं. थंडीच्या दिवसांत सकाळी शेणखताच्या ढिगात काठी खुपसली की वाफ निघते. बाहेर गारठा असतो, पण ढिगाच्या पोटात सूक्ष्मजीव राबत असतात आणि ढीग मोठा असल्यामुळे आतली ऊब बाहेर निसटत नाही. वाईनच्या मोठ्या टाकीचंही तसंच असतं. रस पुष्कळ, त्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग थोडा. लिटरला २४५ ग्रॅम साखर पूर्ण फुटली आणि उष्णता जराही बाहेर गेली नाही, तर रसाचं तापमान जवळजवळ तीस अंशांनी चढेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता निघून जाते म्हणून बरं. पण रस मुळात गरम, हवा गरम, आणि आजच्यासारख्या थंड पाणी खेळवणाऱ्या पोलादी टाक्या नाहीत. युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. बोर्दोत त्या साली काही ठिकाणी बर्फ आणून टाक्या गार ठेवायची धडपड करावी लागली.

पस्तीस अंशांच्या पुढे यीस्ट लटपटतं. त्यातच अल्कोहोल वाढलेलं असेल तर ते त्याच्याच पेशींचं आवरण खिळखिळं करतं. दोन्ही मार एकदम बसले की यीस्ट मरतं आणि साखर उरलेली असतानाच आंबणं थांबतं. आता ताटात जेवण वाढलेलं आहे आणि जेवणारा उठून गेला आहे! अशा वेळी जिवाणू येऊन बसतात. लॅक्टिक जिवाणूंचं खरं काम मॅलिक आम्ल मऊ करण्याचं, पण समोर साखर दिसली की त्यांतले काही तिच्यापासून अ‍ॅसिटिक आम्ल करू लागतात. अ‍ॅसिटिक आम्ल म्हणजे शिरका. त्यात रसाचा आंबटपणा कमी असला की जिवाणूंना आणखी सोयीचं होतं. हे सगळं नीट उलगडून बोर्दोच्या वाईनवाल्यांच्या हाती देणारे संशोधक म्हणजे जाँ रिबेरो-गायाँ आणि एमिल पेनो. त्यांचं शास्त्र तळघरांत सर्रास पोचलं ते पुढच्या काळात. १९४७ मध्ये ठिकठिकाणी नुसतं नाक आणि अनुभव यांच्या भरवशावर काम चालू होतं, आणि त्या वर्षीच्या कित्येक वाईन खरोखरच शिरक्याकडे झुकल्या.

मग शव्हाल ब्लाँ का तरली? माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर तिच्या दाटपणात आहे. सालीतले रंगद्रव्य आणि तुरटपणा देणारे टॅनिन इतके भरघोस उतरले होते की त्या पाठबळावर बाकीचे दोष सामावले गेले. आम्लाची उणीव टॅनिनच्या तुरटपणाने थोडी भरून काढली. उरलेल्या साखरेने आणि अल्कोहोलने घोटाला गोडसर गुबगुबीतपणा दिला. शिरक्याचं आम्ल लवकर उडणारं. जास्त झालं तर नाकात झोंबतं, पण बेताचं असलं आणि खाली फळाचा भक्कम वास असला तर तो वास उचलून धरतं. प्यायलेल्यांनी हिची तुलना वारंवार पोर्ट या पोर्तुगालच्या गोड, कडक वाईनशी केली आहे, चॉकलेट, कॉफी, चामडं असे वास लिहून ठेवले आहेत. यातला कुठलाही आकडा थोडा वर सरकला असता तर हे जमलं नसतं. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, आणि आज कुणी मुद्दाम करायला धजावणारही नाही. आंबणं थांबतंय अशी शंका आली की टाकी गार होते, ताजं यीस्ट घातलं जातं.

बाटलीत शिरल्यावर काम मंदावतं, पण थांबत नाही. जांभळं रंगद्रव्य आणि टॅनिनचे रेणू एकमेकांना धरून लांब साखळ्या करतात. तुरटपणा मवाळ होतो, रंग विटकरी होतो, जड झालेल्या साखळ्या गाळ होऊन तळाशी बसतात.

इतक्या किमतीच्या बाटलीला बनावटीचा धोका असतोच. बोर्दोचे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप ह्युबेर यांनी यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडतो. अणुबाँबच्या चाचण्यांतून सीझियम-१३७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जगभरच्या हवेत पसरलं, पावसाबरोबर खाली उतरलं आणि द्राक्षांतही गेलं. त्याच्या गॅमा किरणांना काच अडवू शकत नाही, त्यामुळे बाटली न उघडता ते किरण मोजता येतात. आल्प्सच्या पोटात, मोदानच्या भूमिगत प्रयोगशाळेत न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांच्या संशोधनाला वापरतात तसं किरण टिपणारं अतिसंवेदनशील यंत्र घ्यायचं, बाटली त्याच्याजवळ ठेवायची आणि वाट पाहायची. १९५० च्या दशकापासून वाईनमधलं सीझियम वाढत जातं, १९६३ च्या सुमारास शिखर गाठतं, १९८६ च्या चेर्नोबिलनंतर पुन्हा थोडं उसळतं. १९४७ ची द्राक्षं त्या पावसाच्या आधीची. त्या सालच्या खऱ्या वाईनमध्ये सीझियमची खूण दिसायला नको. दिसली, तर आत नंतरची वाईन आहे. नाही दिसली, तर वाईन जुनी आहे एवढंच सिद्ध होतं. ती १९४७ ची की १९३७ ची, हे त्या यंत्राला सांगता येत नाही.