आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशी

पेशींचे ढोबळ दोन प्रकार. आदिकेंद्रकी पेशीत डीएनएभोवती पटल नसतं, तो पेशीद्रवातच एका भागात गोळा झालेला असतो. जीवाणू आणि आर्किया (जीवाणूंसारखेच एकपेशीय, पण वेगळ्या शाखेचे सूक्ष्मजीव) या गटातले. दृश्यकेंद्रकी पेशीत पटल असलेलं केंद्रक, शिवाय तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारी) वगैरे अंगकं असतात. अमीबा, पॅरामेशियम, यीस्ट एकपेशीय असूनही दुसऱ्या गटात येतात, त्यामुळे सूक्ष्मजीव म्हणजे साधी पेशी असं समजू नये.

आकारावरून फरक सांगायची पद्धत आहे, जीवाणू १ ते ५ मायक्रॉन आणि दृश्यकेंद्रकी १० ते १००, आणि बहुतेक वेळा ते जमतंही, पण ऑस्ट्रिओकॉकस हे शैवाल जेमतेम १ मायक्रॉनचं आणि २०२२ मध्ये वर्णन झालेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू १ सेंटीमीटरच्या आसपास, नुसत्या डोळ्यांना दिसणारा, वर त्याचा डीएनए पटलाच्या बारीक पिशव्यांत! म्हणून रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, बघणं जास्त बरं: जीवाणूत ७०एस (एस हे कण किती वेगाने खाली बसतो याचं एकक), दृश्यकेंद्रकींच्या पेशीद्रवात साधारणपणे ८०एस.

खरा वाद दृश्यकेंद्रकी पेशीच्या उगमाचा. हरितलवकं मुळात स्वतंत्र जीव होती असं रशियन जीवशास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्कीने १९०५ मध्ये मांडलं होतं, पण ते मागे पडलं आणि अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिसने १९६७ मध्ये तंतुकणिकांसकट तोच विचार नव्याने मांडला. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए, दुहेरी पटल, रायबोसोमही जीवाणूच्या वळणाचे, त्यामुळे ती एकेकाळी जीवाणू होती हे आता जवळपास सगळेच मानतात. मग तिला आत घेणारी पेशी कोणती? वोझ आणि फॉक्स या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये आर्किया जीवाणूंपासून वेगळे काढले, तेव्हापासून दृश्यकेंद्रकी ही तिसरी स्वतंत्र शाखा असं शिकवलं जायचं, पण २०१५ मध्ये आर्क्टिक समुद्रतळाच्या गाळातून लोकीआर्किया हे आर्किया मिळाले, त्यांच्यात दृश्यकेंद्रकींसारख्या प्रथिनांची जनुकं निघाली, आणि आता आपली, म्हणजे दृश्यकेंद्रकींची, शाखा आर्कियातूनच फुटली या मताकडे पुरावा जास्त झुकतो. केंद्रक आधी की तंतुकणिका आधी, यावर मात्र एकमत नाही. मोनोसर्कोमोनॉइड्स या दृश्यकेंद्रकी सूक्ष्मजीवात तंतुकणिका नाहीच, पण ती पूर्वजांत असून नंतर गेली असं मानतात, तेव्हा त्यावरून निकाल लागत नाही.

काळ अंदाजेच धरावा. आदिकेंद्रकींच्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या, दृश्यकेंद्रकींचे बऱ्यापैकी मान्य जीवाश्म १६० कोटींच्या आसपासचे. त्याहून जुन्यांचे दावे आहेत पण ते सगळ्यांना पटत नाहीत.

विषाणूंना पेशीच नसते, त्यामुळे ते दोन्हींत मोडत नाहीत.