टोमॅटोचा 'तिरंगा' की रुगोज? झाडाकडे नको, ओळीकडे बघा

2020 च्या उन्हाळ्यात नाशिक, नगर, पुण्याच्या टोमॅटो पट्ट्यात फळं एकसारखी पिकेनात. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवट चट्टे. गावोगाव नाव पडलं 'तिरंगा व्हायरस'. नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले आणि त्यांत प्रामुख्याने सापडला कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही. हा काही परका पाहुणा नव्हे. जळगावच्या केळीवर 'हरण्या' आणतो तोच हा. तेव्हापासून चट्टेरी फळ दिसलं की 'तिरंगा आला' म्हणायचं आणि फवाऱ्याचा पंप काढायचा, अशी रीत पडली आहे.

पण जवळपास याच रूपात येणारा दुसरा एक आहे, टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस. 2014 मध्ये इस्रायलात आणि 2015 मध्ये जॉर्डनमध्ये तो प्रथम आढळला आणि पाच-सहा वर्षांतच युरोप, अमेरिका, चीनपर्यंत पोचला. नजर ठेवायची ती यावर.

झाड समोर धरून दोघांना वेगळं करू पाहणं म्हणजे वेळेचा खेळखंडोबा. दोघांतही पानांवर फिकट-गडद मोझॅक, दोघांतही पानं अरुंद होतात, दोघांतही फळांचा रंग फाटतो. सीएमव्हीत पानाचं पातं इतकं आक्रसतं की नुसती दोरी उरते, हे खरं. रुगोजमध्ये फळाच्या सालीवर तपकिरी, खडबडीत डाग पडतात आणि देठावर आणि फळाच्या हिरव्या टोपीवर करपल्यासारखे ठिपके दिसतात, हेही खरं. पण जात, वय, हवामान बदललं की ही लक्षणं एकमेकांत मिसळतात. त्यात एप्रिल-मेचं ऊन: पारा 30 अंशांच्या वर राहिला की टोमॅटोत लाल रंग धरणारं लायकोपीन नीट तयार होत नाही, फळ पिवळसर राहतं. पालाश कमी पडलं तरी चट्टे येतात. म्हणजे व्हायरस नसतानाही तिरंगा!

खरा फरक आहे तो रोग वावरात कसा चालतो यात.

सीएमव्हीला मावा लागतो. पंखवाला मावा रोगट झाडावर काही सेकंद सोंड खुपसतो, व्हायरस उचलतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच झटपट सोडतो. औषधाने तो मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं, म्हणून महागडी कीटकनाशकं मारूनही हा थांबत नाही. रोगट झाडं बांधाकडून, काकडी-मिरचीच्या प्लॉटकडून, केना माजलेल्या कडेने सुरू होतात आणि आत विखरून दिसतात: इथे दोन, तिकडे पाच. इथे पाहणी करायची ती बांधाची, तणाची आणि पिवळ्या चिकट सापळ्यांची. रुपेरी मल्चिंग पेपर मावा उतरू देत नाही, हा त्याचा फायदा बऱ्याच जणांना माहीतच नसतो.

रुगोजला किडा लागत नाही, हात लागतो. हा तंबाखूच्या मोझॅकचा भाऊबंद, भलताच चिवट. रसातून पसरतो: बगलफूट काढताना, तारेला झाड बांधताना, तोडणीत. म्हणून रोगट झाडं ओळ धरून पुढे सरकतात, मजूर ज्या दिशेने गेले त्याच दिशेने. कात्री, बांबू, सुतळी, अंगातला शर्ट, सगळ्यावर तो टिकून राहतो. पिंपळगाव बसवंतला माल उतरवून परत येणारं 20 किलोचं कॅरेट कुणाकुणाच्या वावरातून फिरून आलंय, हे कोण विचारतं? सुरगाणा-पेठकडून आलेली मजुरांची टोळी सकाळी एकाच्या प्लॉटवर, दुपारी दुसऱ्याच्या. दोष त्यांचा नाही. वाटेत साबणाने हात धुण्याची सोय कुणी ठेवतच नाही. अल्कोहोलवाल्या सॅनिटायझरवर इथे विसंबू नका. अवजारं ब्लीचच्या पाण्यात बुडवावीत. हातांसाठी साय काढलेल्या दुधाची पावडर पाण्यात कालवून वापरतात.

दुसरी वाट बियाण्याची. व्हायरस बियाण्याच्या आवरणावर बसून येतो. थोडीच रोपं लागण घेऊन उगवली तरी रोपवाटिकेत ट्रे हाताळताना बाकीचं काम होऊन जातं. आणि पाकिटावरच्या 'टोमॅटो मोझॅक प्रतिकारक' या शब्दांनी निश्चिंत होऊ नका. त्या वाणांत बहुधा असलेल्या टीएम-2² जनुकाचा प्रतिकार रुगोज मोडून काढतो. सीएमव्हीशी तर त्या शब्दांचा संबंधच नाही.

मग खात्री कशी करायची? शेंड्याकडची ताजी, मोझॅक दिसणारी पानं घ्यावीत, वाळलेली नकोत. कोरड्या कागदात गुंडाळून, थंड डब्यात, कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा राहुरीच्या विद्यापीठाच्या तज्ज्ञांना विचारून पाठवावीत. सोबत एक चिठ्ठी हवी: ओळीत आहे की विखुरलेलं, सुरुवात बांधाकडून की वाटेकडून. शेतात वापरायच्या पट्टी चाचणीवर मोजकाच भरवसा ठेवावा. टोबॅमो गटाची, म्हणजे तंबाखू मोझॅकच्या भाऊबंदांची, पट्टी रेघ दाखवते, पण ती जुन्या टोमॅटो मोझॅकलाही उमटू शकते आणि रुगोजलाही. नेमका कोण, हे आरटी-पीसीआरच सांगतो. तोवर त्या ओळीतली तोडणी सगळ्यात शेवटी घ्यायची आणि तिथली कॅरेटं वेगळी ठेवायची.