पापुआ न्यू गिनीची अर्थव्यवस्था

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस असलेला, न्यू गिनी बेटाचा पूर्वेकडील अर्धा भाग आणि न्यू ब्रिटन, बूगनव्हिल यांसारखी अनेक बेटे मिळून झालेला पॅसिफिक महासागरातील देश. स्वातंत्र्य १९७५ मध्ये, ऑस्ट्रेलियाकडून. राजधानी पोर्ट मोर्झबी, चलन किना. सोने, तांबे, निकेल, खनिज तेल, नैसर्गिक वायू, इमारती लाकूड आणि ट्यूना मासे एवढे सारे एका देशाकडे असणे विरळाच. निर्यातीत मोठा वाटा खाणींचा व वायूचा आहे; लोकसंख्येपैकी सुमारे ८५ टक्के लोक मात्र खेड्यांत राहून रताळी, अळकुड्या, केळी आणि साबुदाण्याच्या झाडाचे पीठ यांवर गुजराण करतात. देशात जणू दोन अर्थव्यवस्था नांदतात आणि त्यांची गाठ क्वचितच पडते.

गाठ पडते ती जमिनीवरून. देशातील बहुतेक सर्व जमीन (सर्वसाधारणपणे ९७ टक्के सांगितली जाते) भावकीच्या सामाईक मालकीची आहे. कायद्याने मात्र जमीन भावकीची आणि तिच्या पोटातले खनिज सरकारचे. इथल्या बहुतेक खाणतंट्यांचे मूळ या विभागणीत सापडते.

बूगनव्हिलमधील पांगुना ही तांब्याची खाण १९७२ मध्ये सुरू झाली आणि देशाच्या निर्यात उत्पन्नाचा कणा बनली. नद्या गाळाने भरल्या, स्थानिकांच्या हाती नफ्याचा नगण्य भाग आला. खाणीतच पूर्वी नोकरी केलेल्या फ्रान्सिस ओना यांच्या नेतृत्वाखाली बंड झाले, विजेचे मनोरे उडवले गेले आणि १९८९ मध्ये खाण बंद पडली. त्यानंतरचे यादवी युद्ध १९९८ पर्यंत चालले. २०१९ च्या सार्वमतात बूगनव्हिलच्या सुमारे ९८ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला.

ओक टेडी या दुसऱ्या मोठ्या तांब्याच्या खाणीत १९८४ मध्ये खाणीचा गाळ अडवणारे बांधकाम दरडीने कोसळले. ते पुन्हा बांधण्याऐवजी गाळ नदीत सोडण्यास परवानगी मिळाली. खाणीचा महसूल हवा असलेल्या सरकारने घेतलेला हा निर्णय फ्लाय नदीकाठच्या लोकांना फार महागात पडला. खाण चालवणारी बीएचपी ही ऑस्ट्रेलियन कंपनी २००२ मध्ये तेथून बाहेर पडली.

एक्झॉनमोबिल या अमेरिकी तेलकंपनीच्या सुमारे १,९०० कोटी डॉलरच्या वायुप्रकल्पातून २०१४ मध्ये पहिले जहाज निघाले. डोंगराळ प्रदेशातील वायू सुमारे ७०० किमी. लांबीच्या वाहिनीने पोर्ट मोर्झबीजवळ येतो, द्रवरूप होतो आणि आशियात जातो. येणाऱ्या पैशाच्या भरवशावर सरकारने आधीच हात सैल सोडला होता. त्याच वर्षी तेलाचे भाव घसरले आणि पुढे परकीय चलनाची टंचाई वर्षानुवर्षे रेंगाळली.

रोख पैसा खेड्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः कॉफी, कोको, खोबरे आणि भाजीबाजारातून. डोंगराळ भागातील लहान शेतकऱ्यांची कॉफी ले बंदराकडे एकाच महामार्गाने उतरते. दरड कोसळली की माल अडकतो. ले आणि राजधानी यांना जोडणारा रस्ताच नाही. सुपारीचा व्यापारही मोठा आहे. ती किनाऱ्यालगत पिकते, डोंगरात महाग विकली जाते आणि आपल्यासारखीच चुन्याबरोबर खाल्ली जाते, फक्त विड्याच्या पानाऐवजी त्या वेलाचे लांबट कणीस घेतात. शहर लाल पिचकाऱ्यांनी रंगते म्हणून पोर्ट मोर्झबीत २०१३ मध्ये विक्रीवर बंदी घालून पाहिली; विक्री चोरून चालूच राहिली.