बिटकॉइनचा माग लागत नाही? लागतो!

‘क्रिप्टोत पैसा फिरवला की पोलिसांच्या हाती काहीच लागत नाही’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तो साफ चुकीचा आहे. बिटकॉइनच्या खातेवहीत नाव नसतं, पण प्रत्येक व्यवहार कायमचा आणि जगजाहीर नोंदलेला असतो. चोरीची नाणी रोखीत बदलायला गेलं, की बहुतेक एक्स्चेंज (क्रिप्टो खरेदी-विक्रीचे बाजार) ओळखपत्र मागतात. तिथेच खातेवहीतल्या पत्त्याला (खाते क्रमांकासारख्या ओळखीला) नाव चिकटतं.

२०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. सहा वर्षांनी अमेरिकी तपास यंत्रणांनी त्यातले सुमारे ९४,००० जप्त केले. त्या नाण्यांच्या खासगी किल्ल्या (ती खर्च करायला लागणारे गुप्त संकेत) सापडल्या कुठे, तर आरोपीच्या क्लाउड खात्यातल्या एन्क्रिप्टेड फाइलमध्ये! २०२४ मध्ये त्याला ५ वर्षांची कैद झाली, तीही मनी लाँडरिंगच्या कटाबद्दल, म्हणजे बिटकॉइनच्या जन्माआधीपासूनच्या कायद्याखाली.