राणी पाकोळी, ब्ल्यू मॉरमॉन की नीलवंत?

२०१५च्या जूनमध्ये महाराष्ट्राने ब्ल्यू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. शेकरू, हरियाल, आंबा, ताम्हण ही मंडळी राज्यचिन्हांच्या पंगतीला आधीच बसलेली होती. शेजारी आणखी एक पाट मांडला गेला. फुलपाखराला असा मान देणारं हे देशातलं पहिलंच राज्य. निवडीवर फारशी कुरकुर झाली नाही. गुंता झाला तो या पाहुण्याला मराठीत हाक काय मारायची याचा, आणि तो पुरता सुटलेला नाही.

तेव्हा बातम्यांतून पुढे आलेलं नाव ‘राणी पाकोळी’. ऐकायला गोड. पण पाकोळी म्हटलं की पक्षी बघणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे येतो तो संध्याकाळी आभाळात सुसाट फिरणारा काळपट पक्षी. ताडपाकोळी ही त्याचीच बहीण. फुलपाखराला पाकोळी म्हणणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण सावंतवाडी ओलांडून गोव्यात उतरलात की त्याच जिवाचं ‘पिसोळें’ होतं. बरं, राणी तरी का? या फुलपाखराचे जे फोटो सगळीकडे फिरतात, त्यातले बरेचसे ओल्या वाळूवर सोंड टेकवून क्षार शोषत बसलेले असतात, आणि चिखलपानाला जमतात ते बहुतांशी नर. नाव राणीचं, फोटो राजाचा.

पुढे राज्यातल्या फुलपाखरांना मराठी नावं देण्याचं काम सरकारी पातळीवर झालं आणि ‘नीलवंत’ आलं. कुणी ‘निलवंत’ छापतं, कुणी ‘नीलवंत’. जुन्या माणसांना हे नाव ऐकून निळावंती आठवते: जी पोथी वाचली की पशुपक्ष्यांची बोली कळते, आणि वाचणाऱ्याचं पुढे काही खरं नाही, ती. मला विचाराल तर नाव चांगलं आहे. मखमली काळ्या पंखांवरची ती फिकट निळाई एका शब्दात येते आणि पक्ष्याशी गल्लत होत नाही. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत मात्र राणी पाकोळी ठाण मांडून आहे, त्यामुळे पोरं दोन्ही पाठ करतात.

इंग्रजी नाव तर याहून गमतीचं. मॉरमॉन हा १८३० साली अमेरिकेत स्थापन झालेला पंथ. एका पुरुषाने अनेक बायका करण्यावरून तो गाजला. कॉमन मॉरमॉन या आपल्याकडच्या फुलपाखराच्या माद्या तीन वेगवेगळ्या रूपांत आढळतात. एक नरासारखी, बाकी दोघी कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या बेचव, विषारी फुलपाखरांची सोंगं घेतलेल्या. एक नवरा, तीन तऱ्हेच्या बायका, म्हणून मॉरमॉन, असं सांगतात. यात नीलवंताचा काय संबंध? काही नाही. त्याची मादी नराच्याच वळणाची, रंगाने जरा फिकी. भावकीचं आडनाव तेवढं चिकटलं.

शास्त्रीय नाव पापिलिओ पॉलिम्नेस्टर. ते १७७५ साली एका डच व्यापाऱ्याने ठेवलं. त्या काळी शेपटीवाल्या फुलपाखरांच्या कुळाला ट्रॉयच्या युद्धातली नावं देण्याची चाल होती, त्यातला हा थ्रेसचा राजा. पुढे लष्करातल्या हौशी साहेबांनी कमांडर, सार्जंट, नवाब, राजा अशी भरती केली, आणि १९५७ साली मुंबईतून निघालेल्या एका पुस्तकाने ही इंग्रजी नावं पक्की केली. इथल्या रानातल्या माणसाला कुणी विचारल्याचं दिसत नाही.

‘भारतातलं आकाराने दुसऱ्या क्रमांकाचं फुलपाखरू’ हे बिरुदही २०१५पासून चिकटलं आहे. पंखविस्तार १२ ते १५ सेंटिमीटर, म्हणजे पसरलेल्या तळहाताएवढा, मोठं आहेच. पण २०२० साली उत्तराखंडातल्या गोल्डन बर्डविंग या फुलपाखराची १९४ मिलिमीटरची नोंद पुढे आली आणि तिने सदर्न बर्डविंगची १९३२ची १९० मिलिमीटरची नोंद मागे टाकली. पहिल्या दोन जागा तिथेच भरल्या. बिरुद कुणी काढलेलं नाही.

राहण्याची जागा हा खरा मुद्दा. नीलवंत दक्षिण भारत आणि श्रीलंका सोडून फारसा कुठे नाही. सह्याद्रीच्या दाट रानात आणि देवरायांत माकडलिंबूच्या पानांवर मादी एकेक अंडं घालते. पण लिंबू-संत्र्याच्या कुळातलं काहीही तिला चालतं, म्हणून परसातलं लिंबूही चालतं. आमच्या गॅलरीतल्या कुंडीत एकदा पानावर पक्ष्याची विष्ठा पडलीय असं वाटून मी ती पुसायला गेलो, तर ती हलली. कोवळी अळी अशीच दिसते. मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून दुबोटी शिंग बाहेर काढते आणि त्याचा वास हाताला राहतो.

म्हणजे जंगलाचं प्रतीक म्हणून निवडलेला हा जीव शहरातही तग धरणारा आहे. लोकांना तो दिसावा असा विचार असेल तर निवड योग्यच. पण आंबोलीच्या पावसाळी रानाला धरून राहणारा मलबार बँडेड पीकॉक (हेही फुलपाखरूच) कुंडीतल्या लिंबावर येत नाही. दोडामार्गकडे डोंगर साफ करून रबर लावलं, की नीलवंत एखाद्या बागेत सरकतो. पीकॉकला सरकायला जागा नसते. केरळने २०१८मध्ये नेमका तोच आपलं राज्य फुलपाखरू म्हणून निवडला. मला ती निवड जास्त धाडसी वाटते.

उत्तराखंड, कर्नाटक, तमिळनाडू यांनीही पाठोपाठ आपापली फुलपाखरं ठरवली. २०२०मध्ये राष्ट्रीय फुलपाखरासाठी लोकांची मतं घेतली गेली, सात उमेदवार होते, जवळपास ६० हजार मतं पडली. नीलवंत त्या सातांत नव्हता. पहिल्या तिघांत आलेल्या इंडियन जेझबेलला मात्र आपल्याकडे ‘हळदीकुंकू’ म्हणतात. बसलेलं असताना पंखांच्या खालच्या बाजूची पिवळी-लाल नक्षी बघितली की वेगळं काही सुचतही नाही. त्याच्या अळ्या बांडगुळावर वाढतात, पुंजक्याने. कलमावरचं बांडगूळ बागायतदार कोयत्याने उतरवतो, तेव्हा पानांबरोबर त्याही खाली येतात.