नशेची नवी लाट आधी कोणाला दिसते?

एखादा नवा अमली पदार्थ फोफावतोय हे मोठ्या सर्वेक्षणातून कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. प्रश्नावली बनवताना जे नाव कोणाला ठाऊकच नव्हते, ते तिच्यात येणार कुठून? शिवाय घरोघरी जाऊन विचारले, की बेघर आणि तुरुंगातली माणसे मोजणीतून वगळली जातात.

अमेरिकेत 1972 साली ‘ड्रग अब्यूज वॉर्निंग नेटवर्क’, म्हणजे ‘डॉन’, सुरू झाले. रुग्णालयांचे आपत्कालीन विभाग आणि शवविच्छेदनाच्या नोंदी यांतून ते माहिती गोळा करी. 1987पासून अटकेतल्या लोकांची लघवी तपासण्याचा कार्यक्रमही चालू झाला. पण निधी आटला की अशा यंत्रणांवर आधी कुऱ्हाड पडते. ‘डॉन’ 2011 साली थांबले आणि 2013पासून बेकायदा फेंटानिलने, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या अतितीव्र कृत्रिम रसायनाने, मृत्यूंचा आकडा चढू लागला. नंतर ते पुन्हा सुरू झाले खरे, पण गरज सर्वाधिक असतानाची ती वर्षे हातची गेली. मला ही अक्षम्य चूक वाटते.

युरोपीय संघाने 1997 साली देशोदेशींच्या प्रयोगशाळा, पोलीस आणि रुग्णालये यांना जोडणारी पूर्वसूचना यंत्रणा उभारली. कायद्याने एका रसायनावर बंदी आली, की रेणूत किंचित बदल करून दुसरे बाजारात येई. 2014 या एका वर्षात तिच्याकडे 101 नव्या पदार्थांची नोंद झाली. तरी नोंद झाली म्हणजे लगेच कारवाई झाली असे नाही. मेफेड्रोन हे उत्तेजक रसायन 2008 साली नोंदले गेले, संघभर बंदीचा निर्णय मात्र डिसेंबर 2010मध्ये झाला.

मग सांडपाणी बोलू लागले. 2005 साली इटलीच्या संशोधकांनी पो नदीच्या पाण्यात कोकेनचे शरीरातून बाहेर पडणारे अवशेष मोजले. त्यावरून निघालेला वापराचा अंदाज सरकारी अंदाजापेक्षा मोठा होता. ही पद्धत आता अनेक शहरांत रुळली आहे, पण काय शोधायचे ते प्रयोगशाळेला आधी माहीत असावे लागते.

नेदरलँड्समध्ये 1992पासून सेवन करणारेच नाव न सांगता गोळ्या तपासायला आणतात. डिसेंबर 2014मध्ये ‘सुपरमॅन’चे चिन्ह असलेल्या गुलाबी गोळ्यांत पीएमएमए हे घातक रसायन सापडले आणि तिथे देशभर इशारा दिला गेला. ब्रिटनमध्ये मात्र, नववर्षाच्या सुमारास, त्याच प्रकारच्या गोळ्यांनी चार जणांचा जीव घेतला.